अस्सलबरहुकूम

ज्या कचेरीत माझ्या नोकरीची ३१ वर्षे गेली तेथे माझे काम नकला करून देण्याचे होते. फेरफाराच्या नोंदी, खासरापत्रके, इनामाच्या सनदा, निजामी अमलातले काही उर्दू तर काही मोडी कागद, हे सारे मुहाफिजखान्यातून काढवून आणायचे, अस्सलाशी शब्दन्‌शब्द ताडून प्रत तयार करायची आणि तिच्या पायथ्याशी ‘अस्सलबरहुकूम नक्कल’ असा शेरा मारून सही करायची, असा तो नेम होता. निवृत्तीच्या सुमारास आमच्या माजलगावातला एक जुना फोटो स्टुडिओ मोडीत निघाला आणि त्याच्या माळ्यावरचा लाकडी हाफ-प्लेट कॅमेरा, त्याची तिवई, पितळी लेन्स आणि फिल्म भरायच्या, पुस्तकासारख्या मिटणाऱ्या सहा स्लाइडी मी भंगाराच्या भावाने घरी आणल्या, तेव्हा त्या शेऱ्याशी आपली गाठ पुन्हा पडणार आहे याची मला कल्पना नव्हती.

या कॅमेऱ्यात काळ्या कपड्याखाली डोके घालून घाशीव काचेवर पाहावे तर सगळे उलटे दिसते. पिंपळ खाली लोंबतो, माणसे छताला पाय लावून बसतात, आणि डावीकडून येणारी बैलगाडी उजवीकडून येते. पहिले काही महिने मान वाकडी करून मी ते सरळ पाहण्याचा यत्न करीत असे. पुढे ध्यानात आले की उलट्या चित्रात ओळखीची माणसे ओळखीची राहत नाहीत, नुसते उजेडाचे आणि सावलीचे तुकडे राहतात, आणि चित्राचा तोल कोठे ढळला आहे हे त्यामुळेच लौकर कळते.

खरी शीट फिल्म परदेशाहून येते आणि तिची किंमत पेन्शनीत बसत नाही. एक पेटी मी हौसेने मागवली होती. या फिल्मच्या एका कोपऱ्याला खाचा असतात; पूर्ण अंधारात त्या वरच्या उजव्या कोपऱ्यात बोटाला लागल्या, की चांदीच्या क्षारांचा थर आपल्या तोंडाकडे आहे असे समजावे. मी मात्र ती फिल्म हाफ-प्लेटच्या, म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंचांच्या, मापाला कापताना नेमका खाचांचाच कोपरा उडवला, आणि पाच पत्रे पाठमोरे भरले. धुतल्यावर त्यांवर जे दिसले त्याला चित्र म्हणण्यापेक्षा चित्राची अफवा म्हणणे बरे.

तेव्हापासून मी एक्स-रेच्या फिल्मवर आलो. आठ बाय दहाच्या एका पत्र्यातून हाफ-प्लेटचे दोन तुकडे निघतात, वर दीड इंचाची एक पट्टी उरते, ती नमुना पाहायला कामास येते. या फिल्मला दोन्ही अंगांना थर असल्यामुळे पाठपोटाचा घोळ नाही. पण त्याच कारणाने ओरखडा दोन्ही अंगांना पडतो, म्हणून ट्रेच्या तळाशी मी काच ठेवतो आणि एका वेळी एकच पत्रा धुतो. ती लाल रंगाला आंधळी आहे. झीरोच्या लाल बल्बखाली काम करता येते ही त्यातली सोय. गैरसोय कोणती ते शेजारच्या गावच्या एका म्हाताऱ्या पाहुण्याने मला सांगितले. त्याचा लालभडक पटका छापात डांबरासारखा काळा उतरला होता. तो फोटो बराच वेळ हातात धरून बसला आणि म्हणाला, “सायेब, समदं झ्याक हाय, पर पटका काळा का केला? कुनी मेलंय का आमच्यात?” शेंदराचा देव, सुवासिनीचे कुंकू, विटांची भिंत, या साऱ्यांना हाच न्याय लागू होतो. माझ्या नकलेतली ही एवढी लबाडी मी कबूल करतो.

पुरुषोत्तमपुरीला, म्हणजे आमच्याच तालुक्यात गोदाकाठी, मी अधिकमासाची जत्रा टाळून जातो. यादव राजा रामचंद्रदेवाचा शके १२३२चा ताम्रपट या गावच्या नावाने प्रसिद्ध आहे. सातशे वर्षे टिकलेला अस्सल कागद म्हणून, कागद नसूनही, मला त्याचे अप्रूप वाटते. तेथल्या देवळाच्या विटा पाण्यावर तरंगतात असे लोक सांगतात, पण मी कॅमेरा लावला तो घाटावर. माझ्या लेन्सला शटर नाही. टोपण काढायचे, मापाड्यासारखे ‘लाभ’ म्हणून मोजायला लागायचे, आणि आकडा भरला की टोपण बसवायचे. पहाटेच्या उजेडात छिद्र अगदी बारीक करून मी बारापर्यंत मोजले. त्या अवधीत एक बाई घागर घेऊन घाटाच्या पायऱ्या उतरून गेली. निगेटिव्हवर पायऱ्यांचा दगडन्‌दगड उमटला आहे, बाई कोठेच नाही, आणि नदीचे पाणी दुधासारखे स्थिर झाले आहे. पंचनाम्यात ही साक्ष टिकली नसती.

परंतु या विद्येचा खरा कस उन्हात नव्हे, अंधाऱ्या खोलीत लागतो, आणि माजलगावात तो वैशाखात लागतो. पुस्तके सांगतात की डेव्हलपरचे पाणी २० अंशांवर असावे. आमच्या गच्चीवरच्या टाकीतले पाणी त्या दिवसांत ३५ अंशांच्या खाली यायला राजी नसते. औषध साधेच आहे, लिटरभर पाण्यात साडेसात ग्रॅम मेटॉल आणि १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट, आणि एक्स-रेची फिल्म स्वभावाने तापट म्हणून तेही मी बरेच पातळ करून वापरतो. पण फिल्मवरचा थर सरसाचा असतो आणि सरस ऊन पाण्यात फुगतो, मऊ पडतो. एका वैशाखात माझ्या डोळ्यांदेखत, तापल्या दुधावरची साय बोटाने सरकावी तसा, तो थर कोपऱ्यापासून सुटून आख्ख्या चित्रासह ट्रेमध्ये तरंगू लागला. त्यानंतर मी रात्रीच माठ भरून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवू लागलो, रसवंतीवाल्याकडून बर्फाचा तुकडा आणू लागलो, आणि परातीत माठाचे पाणी व बर्फ घालून तीत डेव्हलपरचा ट्रे बसवून पहाटे चार वाजता काम उरकू लागलो. डेव्हलपर आणि चित्र पक्के करणारा हायपो यांच्यामध्ये तुरटीच्या पाण्याची एक पायरी असते. तिने थर आवळतो. न्हाव्याची तुरटी नि ही तुरटी एकच. शेवटचे धुणे वाहत्या नळाखाली करण्याची चैन येथे नाही, म्हणून पाणी सहा वेळा बदलतो, आणि ओला पत्रा मच्छरदाणीच्या आत चिमट्याला टांगतो. काळ्या मातीची धूळ त्यावर एकदा बसली की ती उमटलेल्या चित्राइतकीच कायम होते.

वाळलेली निगेटिव्ह कागदावर उलथी ठेवून, वर काच दाबून, दिवा काही सेकंद लावला की जी प्रत निघते ती मोठी नाही, लहान नाही, मापाला माप. पहिल्या अशा छापाच्या पाठीमागे मी सवयीने शेरा लिहून गेलो, आणि मग सगळ्याच छापांमागे लिहीत आलो.

आमचा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचा. त्याच दरबारचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी काचांच्या प्लेटांवर हे राज्य टिपले. त्यांच्या २,८५७ काचा आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जतन केलेल्या आहेत. राजाच्या काचांना असा आसरा मिळाला. तालुक्याच्या गावच्या स्टुडिओवाल्याच्या काचांचे काय झाले ते मी पाहिले आहे. ऊन पाण्यात बुडवून, थर खरवडून, त्या फोटोफ्रेमांना बसवल्या गेल्या; एखाद्या घरातल्या तसबिरीतला देव आज कोण्या अनोळखी नवरानवरीच्या पुसलेल्या काचेआडून बघत असेल. इस्पितळांतूनही आता एक्स-रेसाठी उष्णतेने छापणाऱ्या यंत्रांची कोरडी फिल्म येते, ती कॅमेऱ्याच्या उपयोगाची नाही, आणि माझ्या शेवटच्या पेटीत ४३ पत्रे उरले आहेत.

तेव्हा माजलगावात किंवा आसपासच्या खेड्यांत कुणाच्या माळ्यावर, जुन्या ट्रंकेत, अशा काळपट काचा सापडल्या तर त्या धुऊ नका. मधोमध बोट लावू नका, दोन कडांना धरून उचला, एकीवर दुसरी ठेवण्यापूर्वी मध्ये कोरा कागद घाला, आणि मला निरोप पाठवा; छाप मी फुकट काढून देईन, अस्सल तुमच्यापाशीच राहील.