संस्थेचा रकाना

१ जून, ठाणे
आज मराठी ग्रंथसंग्रहालयाचा वर्धापनदिन. १८९३ साली ते ठाण्यात स्थापन झालं, तेव्हा त्याचे एक संस्थापक वि. ल. भावे ऐन विशीत होते. व्यवसाय मिठागरांचा, ध्यास मराठी ग्रंथांचा. जुनी हस्तलिखितं जमवून ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिलं ते याच माणसानं. खाडीकाठच्या मिठागरांवर लिहायला घेतल्यापासून मला त्यांचा मोठा आधार वाटतो.

४ जून, डोंबिवली
१८८२च्या ठाणे गॅझेटिअरमधली मिठाची पानं वाचून झाली. आता हवा आहे एक जुना, टंकलिखित प्रबंध. ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात तो नाही. प्रबंधाची डिजिटल प्रत देण्याचा नियम २००९चा, त्याआधीचं बरंचसं अजून कपाटातच. म्हणून एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेले. दारावरच्या वहीत नाव लिहिलं, पत्ता लिहिला. पुढे रकाना होता, ‘संस्था’. बँकेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. काय लिहिणार?
“मॅडम, कॉलेजचं पत्र आणा.”
तो मुलगा नम्रच होता. नियम त्यानं केलेला नव्हता. पण परतीच्या लोकलमध्ये डोळे भरून आले.

९ जून, कल्याण
कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं. रेल्वे इथं पोचली १८५४ला. रुळांमागोमाग दहा वर्षांत गावानं वाचनालय उभं केलं, कुठल्या पदवीची अट न घालता. संध्याकाळी इथं बसले असताना एक गोष्ट लख्ख दिसली. १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली शासन सार्वजनिक ग्रंथालयांना मान्यता देतं, अनुदान देतं. शासन वाचनालयाला ओळखतं आणि वाचनालय मला ओळखतं. मग वाचनालयाचं पत्र ही माझी ओळख का होऊ नये?

१२ जून, डोंबिवली
जिथून एकतीस वर्षं पुस्तकं नेते, त्या वाचनालयाच्या कार्यवाहांना भेटले. त्यांनी लगेच लेटरहेड काढलं. ‘या आमच्या जुन्या सभासद. पुस्तकं जपून हाताळतात, वेळेवर परत करतात.’ खाली सही, गोल शिक्का. माझ्या वाचनाबद्दल याहून मोलाचं प्रशस्तिपत्र मला कुणी दिलेलं नाही.

१८ जून
परवानगी मिळाली! सात दिवस, तिथंच बसून वाचायचं.
प्रबंध हातात आला. टंकात न उमटलेले अनुस्वार शाईनं एकेक करून भरलेले. एका पानावर आगराचा हाती काढलेला नकाशा. उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी आत घ्यायचं, एका तळ्यातून दुसऱ्यात खेळवत आटवायचं, शेवटच्या उथळ वाफ्यात मीठ पिकवायचं. कुठल्या बांधाला कुठं दार, तेही बाणांनी दाखवलेलं. मी तो नकाशा पेन्सिलीनं वहीत उतरवून घेतला. बाहेर पाऊस लागला होता, म्हणजे आगरं आता दिवाळीनंतरच जागी होणार.

२५ जून
शेवटचा दिवस. ग्रंथपालांना अर्ज दिला: कोणत्याही शासनमान्य वाचनालयाच्या पत्रावर बाहेरच्या अभ्यासकाला बसून वाचू द्यावं. त्यांनी तो दोनदा वाचला आणि समितीपुढे ठेवते म्हणाल्या. निघताना वहीत सही केली. ‘संस्था’च्या रकान्यात आठवडाभर लिहिलं तेच लिहिलं, माझ्या वाचनालयाचं नाव.