गोधडीतले एक ठिगळ

पनवेलहून माथेरानच्या दिशेने निघालेला रस्ता सुकापुरावरून जातो. तेथे आमचे घर आहे. आम्ही राहावयास आलो तेव्हा खिडकीतून भाताची खाचरे दिसत; आता इमारती दिसतात. घरातील एका कोपऱ्यात आमचा जुना संगणक आहे आणि शेजारच्या पेटीत आईने शिवलेली गोधडी आहे. ह्या दोन वस्तूंचा परस्परांशी काय संबंध, असे वाचक विचारतील. तेच सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

२६ जुलै २००५ च्या पावसात आमच्या तळमजल्यावरील खोलीत पाणी शिरले. पाणी ओसरल्यावर जे हाती लागले, त्यात आईच्या पत्रांचा गठ्ठा होता. आम्ही वसतिगृहात शिकत असताना तिने लिहिलेली ती पत्रे. शाई पसरली होती, कागदांना बुरशी धरू लागली होती. आई त्यापूर्वीच देवाघरी गेली होती. आम्ही एकेक पत्र वाळवले, स्कॅन करून संगणकात 'आईची पत्रे' ह्या नावाच्या फोल्डरात ठेवले आणि कुजू लागलेले कागद टाकून दिले. आता पत्रे सुरक्षित झाली, असे वाटून आम्ही निश्चिंत झालो.

संगणकातील फायली हाताळण्यासाठी आम्ही 'मिडनाइट कमांडर' नावाची आज्ञावली वापरत असू. तिच्यात चित्रे नाहीत, माउसची आवश्यकता नाही. निळ्या पडद्यावर अक्षरांच्या दोन उभ्या चौकटी, एक डावीकडे, एक उजवीकडे. एफ-पाच दाबले की फाइलची प्रत होते, एफ-सहा दाबले की ती हलते, एफ-आठ दाबले की ती नष्ट होते. ही रचना मूळची जॉन सोशा ह्यांच्या 'नॉर्टन कमांडर'ची. तो १९८६ साली बाजारात आला. त्याच धर्तीवर मेक्सिकोतील मिगेल दे इकासा ह्या तरुणाने १९९४ साली ही मुक्त आज्ञावली लिहावयास घेतली. पुढे अनेक स्वयंसेवकांनी ती सांभाळली. जुन्या, मंद यंत्रावरही ती चपळपणे चालते, म्हणून ती आमच्या आवडीची.

आमच्याजवळची आवृत्ती मात्र जुनी होती. तिला देवनागरी वाचता येत नसे. मराठी नावांच्या जागी केवळ प्रश्नचिन्हांची रांग दिसे. २००६ सालच्या एका संध्याकाळी आम्ही 'आईची बिले' नावाचे निरुपयोगी फोल्डर काढून टाकावयास बसलो. दोन्ही नावे पडद्यावर सारखीच दिसत होती. अंदाजाने एकावर पट्टी नेली आणि एफ-आठ दाबले. 'नष्ट करावे काय?' असा प्रश्न आला. त्यातही तीच प्रश्नचिन्हे. उजळलेले बटण होकाराचे होते. आम्ही एंटर दाबले. ह्या आज्ञावलीत कचऱ्याची टोपली नसते. गेले ते गेले. दुसरी प्रत आम्ही ठेवली नव्हती.

त्या रात्री आमची पत्नी एवढेच म्हणाली, "अहो, आता जेवून घ्या." आम्ही जेवलो नाही.

आमचा भाचा संगणकशास्त्र शिकत होता. त्याने आम्हांला ह्या आज्ञावलीचे पॅकेज कसे बांधतात ते दाखवले. 'डेबियन' नावाचा स्वयंसेवकांचा प्रकल्प १९९३ पासून अशी हजारो पॅकेजे सांभाळतो. मूळ कर्त्याचा मजकूर जसाच्या तसा ठेवावयाचा आणि आपल्या दुरुस्त्या वेगळ्या फायलींत लिहावयाच्या, अशी तेथील शिस्त. अशा दुरुस्तीला पॅच, म्हणजे ठिगळ म्हणतात. त्यात वजा चिन्हाने जुनी ओळ, अधिक चिन्हाने नवी ओळ, आणि वर-खाली सहसा तीन-तीन ओळी जुन्या मजकुराच्या, ठिगळ कोठे बसवावयाचे ह्याची खूण म्हणून. ते बसवणारी आज्ञावली लॅरी वॉल ह्यांनी १९८५ साली लिहिली. हे गृहस्थ आणि त्यांची पत्नी एखाद्या अलिखित भाषेला लिपी देऊन तीत बायबल आणावे, ह्या हेतूने भाषाशास्त्र शिकत होते. प्रकृतीने साथ दिली नाही, म्हणून तो बेत राहून गेला. ठिगळांची सगळी चळत क्रमवार सांभाळणाऱ्या साधनाचे नाव 'क्विल्ट', म्हणजे गोधडीच. हे ऐकले तेव्हा आम्हांला पेटीतली गोधडी आठवली.

आम्हीही एक ठिगळ लावले. नष्ट करण्याचा प्रश्न जेथे विचारला जातो, तेथे 'नाही' हे बटण आधी उजळणारी एक ओळ होती. मात्र तिच्यावर एक अट होती. ती अट आम्ही काढून टाकली. ती कशासाठी ठेवली आहे, हे आम्ही विचारले नाही. बदललेले पॅकेज भाच्याच्या ओळखीच्या एका शिकवणीवर्गातील जुन्या यंत्रांवरही बसवले. कोणा मुलाचा हात चुकून एंटरवर पडला, तरी आता काही जाणार नव्हते. आमच्या मनाला तेवढेच समाधान.

पण ठिगळ लावणे सोपे, सांभाळणे कठीण. मूळ कर्ते थांबत नाहीत. नवी आवृत्ती आली की ओळी सरकतात, फायली एका घरातून दुसऱ्या घरात जातात, आणि आपले ठिगळ नाकारले जाते. मग पुन्हा जागा शोधा, पुन्हा शिवा, पुन्हा तपासा. युनिकोडच्या ठिगळांचेही वर्षानुवर्षे असेच चालले होते. निरनिराळे वितरक ती आपापल्या पॅकेजात वाहत होते. २००९ साली ४.७.० ह्या आवृत्तीत ती सोय मूळ आज्ञावलीतच आली आणि ते ओझे उतरले. चांगले ठिगळ मूळ कापडातच विरून जाते. आमचे मात्र आमच्याच घरी राहिले. ते आम्ही कोणाला पाठवले नाही. सुधारून दिले असते, तर तेही आम्हांला आवडले नसते.

अशी कित्येक वर्षे गेली. एकदा सुट्टीत भाचा आला असता आम्ही ते ठिगळ बसवण्यासाठी झगडत होतो. त्याने पडद्याकडे पाहिले आणि हळूच विचारले, "मामा, ही अट काय आहे, ते तुम्ही पाहिलेत का?" त्याने माहितीपुस्तिका उघडली. 'सेफ डिलीट' नावाची ती मुळातलीच सोय होती. ती चालू केली की 'नाही' हेच बटण आधी उजळते. मांडणीच्या फाइलीत एक शब्द लिहिला की पुरे. एकाही ठिगळाची गरज नव्हती.

आम्ही थोडा वेळ बोललो नाही. मग म्हणालो, "अरे, इतकी वर्षे आम्ही उगाच शिवत बसलो."

"उगाच नाही, मामा," तो म्हणाला. "पण ते प्रोग्रॅमसाठी नव्हते."

त्याचे खरे होते. आज्ञावलीत दोष होता तो अक्षरे न दिसण्याचा. तो इतरांनी केव्हाच दूर केला होता. उरलेला दोष आमचा. कागद आम्ही टाकले, दुसरी प्रत आम्ही ठेवली नाही, नाव न वाचता एंटर आम्ही दाबले. ती खंत आम्ही त्या चार ओळींत शिवून ठेवली होती आणि दरवर्षी उसवून पुन्हा शिवत होतो.

त्याच दुपारी आम्ही क्रमाच्या यादीतून ते नाव खोडले आणि मांडणीच्या फाइलीत तो एक शब्द लिहिला. आता जे महत्त्वाचे, त्याच्या दोन प्रती आम्ही ठेवतो. एक घरी, एक भाच्याकडे. पत्रे परत आली नाहीत, येणार नाहीत.

रात्री पेटीतली गोधडी काढून पाहिली. आई ठिगळ लावण्यापूर्वी कापडावरून बोटे फिरवी. कापड फाटले आहे की शिवणच उसवली आहे, हे ती आधी पाही. शिवण उसवली असेल तेथे ती नुसता दोरा घाली.