उदबत्तीच्या काड्या

देवापुढची उदबत्ती जळून गेली म्हणजे तिचें काम संपलें, अशी आमची अनेक वर्षें समजूत होती. सुगंध देवाचा, रक्षा अंगाऱ्याची आणि मागें उरलेली तीन बोटें काडी केराची! परंतु आमच्या इंदापूरच्या आत्याबाईंचा हिशेब निराळा होता. त्या कऱ्हेकाठीं बारामतीस आमच्याकडे कायमच्या राहावयास आल्या, तेव्हां लुगड्यांच्या बोचक्याबरोबर एक पत्र्याचा डबा घेऊन आल्या. डब्यांत काय, तर उदबत्तीच्या काड्या. सकाळीं एक व दिवेलागणीस एक, म्हणजे वर्षाच्या ७३०. आणि डबा तर कित्येक वर्षांचा!

येथें आमच्या हातून घडलेला एक अपराध सांगितला पाहिजे. दिवाळीच्या साफसफाईंत आम्हीं त्यांस न विचारतां तो डबा केरांत रिता केला. आत्याबाई रागावल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं विझलेली काडी उचलून त्यांनीं पुनः रिकाम्या डब्यांत टाकली, इतकेंच. आमच्या धाकट्यानें विचारलें, "आजी, काड्या कशाला हो?" त्या म्हणाल्या, "घर बांधायचंय."

तें घर आमचेंच. आमच्या वडिलांचा व आत्याबाईंचा जन्म जुन्या पळसदेवांतला. भीमेवरील उजनी धरण १९८० सालीं पुरें झालें. त्याच्या जलाशयांत जुनें पळसदेव बुडालें आणि गांव वर, पुणें-सोलापूर रस्त्याच्या बाजूस वसलें. उन्हाळ्यांत पाणी फार ओसरलें म्हणजे पळसनाथाचें प्राचीन देऊळ उघडें पडतें व लोक तें मुद्दाम पाहण्यास जातात. आमचें मातीचें माळवदाचें घर मात्र वर येत नाहीं. त्याचें छायाचित्रही कोणापाशीं नाहीं. तेव्हां केरांत आम्हीं काय ओतलें होतें, हें आम्हांस उशिरां कळलें.

मग सारें घर कामास लागलें. शेजारच्या चार देवघरांतूनही काड्या येऊं लागल्या. ज्या वाचकभगिनींस असा उद्योग करावासा वाटेल, त्यांच्यासाठीं आमचा अनुभव थोडक्यांत देतों. काडी पुरती विझल्याची खात्री झाल्याविना डब्यांत टाकूं नये. ती पाण्यानें धुऊं नये. बुडाचा तांबडा रंग सुटून हातांस व कागदास लागतो. कोरड्या फडक्यानें पुसून जळका शेंडा अडकित्त्यानें तोडावा व सारख्या लांबीच्या काड्या निवडून ठेवाव्या. चार काड्यांचा चौकोन, त्यावर दुसरा, असे गोंदानें रचीत गेलें म्हणजे भिंत उभी राहते. माळवदास आम्हीं जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा घेतला व त्यावर काड्या ओळीनें चिकटविल्या. उरलेल्यांचे दहादहांचे गठ्ठे बांधून धाकट्यास एकक-दशक शिकविलें.

ही काडीही लहान नव्हे. ती बहुधा बांबूची. व्हिएतनाम व चीन येथून अशा काड्या आपल्याकडे इतक्या येत, कीं जून २०२० मध्यें सरकारनें त्यांवरील आयातकर १० टक्क्यांवरून २५ टक्के केला.

बांधकाम देवघरापाशीं येऊन अडलें. काका म्हणत, देवघर उजव्या हातास. आत्याबाई म्हणत, डाव्या. दोन दिवस अबोला झाला. तिसऱ्या दिवशीं आत्याबाई हंसून म्हणाल्या, "अरे, तूं खेळून दारांतून आंत यायचास. मी चुलीपाशीं बसून दाराकडे पाहायची." दोघेही खरे होते! आम्हीं न पाहिलेलें घर त्या क्षणीं आम्हांस प्रथम दिसलें.

मागच्या दिवाळींत मुलांनीं अंगणांत मातीचा किल्ला केला व त्याच्या पायथ्याशीं तें घर मांडलें. आत्याबाईंनीं तें सर्व बाजूंनीं न्याहाळलें, तुळशीवृंदावन बोटभर पुढें सरकविलें आणि मुलांस बजावलें, "हें आतां बुडायचं नाहीं, पण जळेल हो. पणती लांब ठेवा."

आमच्या घरीं आतां काडी कोणी केरांत टाकीत नाहीं.