मेंटेनन्स

गेला महिनाभर इथं काही लिहिलं नाही, कारण आम्ही दोघं लेकीकडे इंग्लंडला होतो. परत आल्यापासून फोन सुरू आहेत. ठाण्याच्या वहिनींपासून चिंचवडच्या मेव्हण्यापर्यंत सगळ्यांचा प्रश्न एकच, "घेतलं का तिनं घर शेवटी?" प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा इथं एकदाच सविस्तर लिहितो.

तर मंडळी, घर घेतलेलं नाही. सहा वर्षांपूर्वी बोट घेतली आणि लेक-जावई तिच्यातच राहतात. केरळची हाऊसबोट डोळ्यासमोर आणू नका. हिला नॅरोबोट म्हणतात. लांबी ५७ फूट आणि रुंदी फक्त ६ फूट १० इंच. आपल्या वल्लभनगर स्टँडवरची एसटी हिच्यापेक्षा रुंद असते! लांबी मात्र दीड एसटीएवढी. त्यातच स्वयंपाकघर, कोळशाची शेगडी, झोपायची जागा, न्हाणीघर आणि मागे इंजिन. एकाला पलीकडे जायचं असेल तर दुसऱ्यानं भिंतीला चिकटून उभं राहायचं. सौ.ला पहिले दोन दिवस लोकलच्या डब्यात मुक्काम केल्यासारखं वाटत होतं.

बोट एवढी अरुंद का, तर कालवे अरुंद म्हणून. अठराव्या शतकात रेल्वे नव्हती आणि रस्ते चिखलाचे. कोळसा, चिनीमातीची भांडी असला माल वाहायला तिकडे कालवे खणले. जेम्स ब्रिंडली या इंजिनिअरनं आखलेला ट्रेंट अँड मर्सी कालवा १७७७ मध्ये पूर्ण झाला. त्यावरची बहुतेक लॉक साधारण ७ फूट रुंदीची ठेवली आणि मधल्या मुलखात ते माप रूढ होऊन बसलं. बोटी घोडे ओढायचे. पुढे रेल्वे आली, भाडी उतरली, आणि नावाड्यांनी किनाऱ्यावरची घरं सोडून बायकापोरांसह बोटीतच संसार थाटले. दहा फूटही लांब नसलेल्या खोलीत अख्खं कुटुंब! १९६२-६३ च्या थंडीत कालवे कित्येक आठवडे गोठले आणि उरलीसुरली मालवाहतूकही जवळजवळ संपली. आता तिथं असतात सुट्टीवर आलेले लोक आणि आमच्या लेकीसारखे कायमचे राहणारे.

लॉक म्हणजे पाण्याचा जिना. बोट दोन दारांच्या हौदात घ्यायची, मागचं दार लावायचं, हँडल फिरवून झडपा उघडायच्या. पाणी भरतं तशी बोट वर चढते. उतरताना उलटं. उतरताना बोटीची शेपूट मागच्या उंबऱ्यावर अडकली तर मात्र पुढचा भाग पाण्याबरोबर खाली जातो आणि बोट बुडू शकते. त्यासाठी हौदाच्या कडेला पांढरी रेघ मारलेली असते, तिच्या पुढेच राहायचं. रग्बीजवळच्या हिलमॉर्टनची लॉक चढून आम्ही ऑक्सफर्ड कालव्यानं ब्राउन्स्टनला गेलो. गाडीनं पंधरा-वीस मिनिटांचा रस्ता, आम्हाला तीन तास लागले. वेगाची मर्यादाच ताशी ४ मैल. बांधलेल्या बोटी दिसल्या की त्याहूनही हळू.

यांनी कायमचा धक्का घेतलेला नाही. त्यामुळे नियम असा की एका जागी १४ दिवसांपेक्षा जास्त थांबायचं नाही, सतत पुढे जात राहायचं. दोघांची कामं लॅपटॉपवर, म्हणून जमतं. सौ.चा पहिला प्रश्न, "लग्नाची पत्रिका पाठवायची तर पत्ता काय लिहायचा?" लेक म्हणाली, "आई, व्हॉट्सॲप कर."

आता मूळ मुद्दा. मी पिंपरीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्स खात्यात ३४ वर्षं काढली. त्यामुळे मी बोटीकडे घर म्हणून बघितलंच नाही, मशीन म्हणून बघितलं. इंजिन लिस्टरचं, दोन सिलिंडरचं, हवेनं थंड होणारं. लिस्टरच्या जुन्या नमुन्याची इंजिनं राजकोटला ढिगानं बनायची. आमच्या गावच्या विहिरीवर तसलंच एक होतं. परदेशात ओळखीचं माणूस भेटावं तसं झालं! पंख्याचा दांडा बोटीच्या पत्र्यातून बाहेर पाण्यात जातो, तिथं पंपाला असते तशीच ग्लँड, तशीच पॅकिंगची दोरी. चालताना थेंब थेंब गळायचं. मुक्कामाला पोचलं की ग्रीसचा स्क्रू फिरवून गळती थांबवायची. जावई हे रोज करतात, न सांगता. तेव्हाच माझं त्यांच्याबद्दल मत चांगलं झालं, हे इथं जाहीरपणे लिहून ठेवतो :)

बाकी यादी मोठी आहे. पाण्याची टाकी नळावरून भरायची. संडासाची टाकी हातानं उचलून ठरलेल्या जागी ओतायची (हे काम पाहुण्यांना देत नाहीत, देव भलं करो). पंख्यात काही अडकलं तर इंजिन बंद करून झाकण उघडायचं आणि गार पाण्यात हात घालून काढायचं. पिशव्या, दोऱ्या, आणि एकदा तर साडी निघाली म्हणे! गॅस, वायरिंग, इंजिन सुरक्षित असल्याचं सर्टिफिकेट दर ४ वर्षांनी. आणि दर दोन-तीन वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढून, धुऊन, खालून डांबरी काळा रंग. बाजूला मॅग्नेशियमचे ठोकळे जोडलेले असतात. लोखंडाच्या आधी ते गंजून झिजतात, संपले की नवे लावायचे.

आम्ही गेलो तेव्हा नेमकी बोट बाहेर काढायची वेळ होती. बोट १९८४ ची. एवढ्या जुन्या बोटीला विमा कंपनी तळाचा सर्व्हे मागते. सर्व्हेअर हातोडीनं ठोकून आणि मग अल्ट्रासोनिक यंत्रानं पत्र्याची जाडी मोजतो. साधारणपणे ४ मिलिमीटरच्या खाली आकडा गेला की विमावाले नवा पत्रा चढवायला सांगतात. आजकालच्या बोटींना तळाला १०, बाजूंना ६ मिलिमीटर पत्रा असतो. हिचा मुळात तळाला ६ आणि बाजूंना ५. पाण्याच्या रेषेजवळ, जिथं पाणी आणि हवा दोन्ही लागतात, तिथं एका पट्ट्यात ३.८ निघाले.

आता सांगायला हरकत नाही, ग्रॅच्युइटीतले काही पैसे आम्ही तिच्या घराच्या डाउन पेमेंटसाठी बाजूला ठेवले होते. त्या रात्री सौ.नं विषय काढला. बोट विका, हे पैसे घ्या, चार भिंतींचं घर बघा. पुढे मूलबाळ झालं तर ते या बोगद्यात रांगणार का, हेही विचारलं. लेक गप्प बसली. मग तिनं लॅपटॉपवर एक खातं दाखवलं. बोट घेतल्यापासून दर महिन्याला ठरावीक रक्कम त्यात जाते, नाव दिलंय 'पत्रा'. सहा वर्षं दुसऱ्या कशाला हात लावलेला नाही. "बाबा, सर्व्हे होणार हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. लोखंड गंजणारच ना. तुम्हीच सांगायचात, ब्रेकडाउनची वाट बघायची नाही."

आठ दिवसांत वेल्डिंगवाल्यानं दोन्ही बाजूंना नवा पट्टा चढवला. पैसे त्याच खात्यातून गेले. आमचे पैसे अजून आमच्याकडेच आहेत, आणि सौ.चं मतही अजून तेच आहे. मूल झालं तर ती दोघं काय करतील, मला ठाऊक नाही. पण ज्यांनी सहा वर्षं पत्र्यासाठी पैसे साठवले, ती तेव्हाही वेळेवर विचार करतील एवढं मला कळतं.

परतीच्या विमानात एक शब्द डोक्यात घोळत होता. आपल्याकडे 'मेंटेनन्स' म्हणजे काय? दर महिन्याला सोसायटीला द्यायची रक्कम! "मेंटेनन्स भरला का?" असं आपण विचारतो, "केला का?" असं नाही. कारखान्यात खंडेनवमीला आपण मशीन धुतो, पुसतो, झेंडू वाहतो. कोकणात पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा कोळी होड्या ओढून घेतात, डागडुजी आणि रंगरंगोटी करतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून समुद्राकडे वळतात. म्हणजे हे आपल्याला येत नाही असं नाही. ज्याच्यावर पोट आहे त्याची आपण नीट काळजी घेतो. घर मात्र एकदा घेतलं की झालं, असं धरून चालतो.

कालव्यांचंही तेच. पुण्यात खडकवासल्याहून येणारा मुठा उजवा कालवा २७ सप्टेंबर २०१८ ला फुटला आणि दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत घरांत पाणी शिरलं. इंग्लंडमध्येही कालवे फुटतात. पण तिथं कालव्यावर माणसं राहतात, काठावर पाणी झिरपताना दिसलं तर कोणीतरी बघतं आणि कळवतं. एल. टी. सी. रोल्ट यांचं 'नॅरो बोट' हे पुस्तक १९४४ मध्ये प्रसिद्ध झालं आणि १९४६ मध्ये कालवे वाचवण्यासाठी संस्था उभी राहिली. पुढे कित्येक बुजलेले कालवे लोकांनी सुट्टीच्या दिवशी फावडी घेऊन पुन्हा वाहते केले. २०१२ पासून इंग्लंड-वेल्समधले सुमारे २००० मैलांचे कालवे आणि नद्या एक धर्मादाय ट्रस्ट सांभाळतो, आणि त्यातही स्वयंसेवक भरपूर. हिलमॉर्टनला दारं ढकलायला मदत करणारे आजोबा माझ्याहून मोठे होते.

असो. इथं संत तुकाराम नगरात पाऊस सुरू झालाय. आमच्या इमारतीच्या गच्चीतून तिसऱ्या मजल्यावर ओल उतरलीय, जिन्याखालच्या कॉलमची सळई उघडी पडलीय. गेल्या तीन वार्षिक सभांत स्ट्रक्चरल ऑडिटचा विषय 'पुढच्या वेळी बघू' म्हणून गेला. या वेळी मी तो अजेंड्यावर पहिला घ्यायला लावलाय, आणि दर घरटी महिन्याला दोनशे रुपये वेगळ्या खात्यात टाकायचे असा ठरावही लिहून दिलाय. खात्याचं नाव 'पत्रा' ठेवा म्हटलं, तर सेक्रेटरींना काही कळलं नाही.

सभा रविवारी सकाळी दहाला आहे. तोवर तुम्ही तुमच्या गच्चीवर एकदा जाऊन या.