चि. कृत्रिम त्वचा हीस

चि. कृत्रिम त्वचा हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

पत्रास कारण की, परवा पेपरात तुझ्याबद्दल पुन्हा छापून आलं. ‘भाजलेल्यांना आता नवी कातडी’ असा ठसठशीत मथळा होता. वाचून बरं वाटलं आणि थोडा रागही आला. असं वाचलं की लोकांना वाटतं, तुला पाकिटातून काढायचं, चिकटवायचं आणि पेशंटने डिस्चार्ज घेऊन घरी जायचं. मी जळितांच्या वॉर्डात सिस्टर होते, आता निवृत्त आहे. तुझं खरं रूप मी हातमोजे घालून जवळून पाहिलंय, म्हणून हा लिहिण्याचा अधिकार घेते. ‘चि.’ लिहिलं म्हणून रुसू नकोस. तू बॉस्टनमध्ये जन्मलीस तेव्हा मी नर्सिंगच्या परीक्षेची तयारी करत होते.

तुझ्या घराण्याबद्दल मात्र मला आदर आहे. वडील दोन: भाजलेल्यांवर उपचार करणारे सर्जन जॉन बर्क आणि एमआयटीतले मूळचे ग्रीक प्राध्यापक योआनिस यानास. जखम लवकर मिटवील असं काहीतरी त्यांना हवं होतं. गिनीपिगवर एकामागून एक नमुने लावून पाहिले, एकही मनासारखा निघाला नाही. एकाने तर जखम मिटायला उलट जास्तच वेळ लावला. एखाद्याने तो नमुना फेकून दिला असता. यांनी तोच धरून ठेवला, कारण जखम आकसून व्रण धरत नव्हती, खाली नवं काहीतरी उगवत होतं. १९८१ साली त्यांनी शरीर ५० ते ९५ टक्के भाजलेल्या १० जणांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. तरी अमेरिकी सरकारची मान्यता मिळायला १९९६ उजाडलं. आमच्याकडे फाइल अडकते म्हणून आम्ही बोटं मोडतो, पण तुलाही कमी थांबावं लागलं नाही.

तुझं काम नातेवाइकांना समजावून सांगायची वेळ बहुधा माझ्यावरच यायची. डॉक्टर एका दमात सांगून पुढच्या कॉटकडे जात, मग ती माणसं माझ्याकडे वळत. मी सांगायचे: कातडीचे दोन थर. वरचा पातळ थर जमेल तसा पुन्हा येतो. खालचा जाड थर पूर्ण जळाला की येत नाही, तिथे घट्ट व्रण होतो आणि तो अवयव ओढून घेतो. आपण दोडक्याच्या वेलाला मांडव घालतो ना, तशी ही कृत्रिम त्वचा तिथे बसते. पेशंटच्याच पेशी आणि रक्तवाहिन्या तिच्यातून चढतात, खालचा थर तयार होतो आणि मांडव आपोआप विरतो. वर सिलिकॉनचा पडदा असतो, तो तीनेक आठवड्यांनी काढायचा आणि पेशंटच्याच मांडीची अगदी पातळ साल त्यावर लावायची. एका आजीबाईंनी विचारलं, “हे बनतं कशाचं?” लपवण्यात अर्थ नव्हता. गाईच्या शरीरातलं कोलॅजन आणि शार्क माशाच्या कूर्चेतला एक घटक, असं सांगितलं. आजी जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “नातू बोटं मिटू शकेल ना? मग लावा.”

तो नातू गुऱ्हाळावर उकळत्या रसाच्या काहिलीत हात घालून बसला होता. हाताच्या पाठीवरचं सगळं गेलं होतं, शिरा उघड्या पडल्या होत्या. नुसती मांडीची साल लावली असती तर बोटं मागे ओढली जाऊन हात वाकडा झाला असता. तुला स्टेपलरच्या पिनांनी बसवलं, आणि मग माझी ड्युटी म्हणजे तुझ्याकडे बघत राहणं. आधी तू लालभडक, मग गुलाबी, मग हळूहळू पिवळट. तो पिवळा रंग दिसला की सर्जनसाहेबांचा चेहरा सैल व्हायचा. एके सकाळी करंगळीपाशी पडद्याखाली रक्ताचा काळसर फुगा दिसला. साहेबांनी बारीक छेद देऊन तो रिकामा केला आणि तेवढीच जागा गमावली. पडदा चिमट्याने सोलून काढला त्या दिवशी खाली ओलसर, गुळगुळीत, जिवंत थर होता. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहून गेले होते, ते आज मानते.

आता तक्रार. हा मुलगा नशीबवान, कोणा ट्रस्टने पैसे दिले. एरवी तुझी किंमत ऐकली की नातेवाईक मान खाली घालून पिशवीचे बंद गुंडाळू लागत. भाजतं कोण? स्वयंपाकघरात वावरणारी बाई, वेल्डिंगवाला पोरगा, चहाचं आधण अंगावर ओढून घेणारं रांगतं मूल. बायकांच्या बाबतीत जबाबात ‘स्टोव्ह भडकला’ एवढंच असायचं. त्याबद्दल तुला काही विचारत नाही, ते तुझ्या खात्यातलं नाही. पण ज्यांना तुझी गरज जास्त, त्यांच्याच वॉर्डात तू क्वचित फिरकलीस, हे तुला ऐकावंच लागेल.

तू नव्हतीस म्हणून आम्ही हातावर हात ठेवून बसलो नव्हतो. मुंबईत वाडिया मुलांच्या रुग्णालयात डॉ. केसवानींनी उकडलेल्या बटाट्याच्या साली पट्टीवर लावून, निर्जंतुक करून भाजलेल्या जखमांवर बांधल्या. १९८५ साली त्यावरचा त्यांचा लेख जगातल्या जळीततज्ज्ञांच्या नियतकालिकात आला. शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे आणि सहकाऱ्यांनी केळीचं पान वापरलं. पट्टी बदलताना पान चिकटत नाही. ज्याने जखमेला चिकटलेली जाळीची पट्टी ओढताना पेशंटचं ओरडणं ऐकलंय, त्याला याची किंमत कळते. (घरी कोणी शाई, टूथपेस्ट किंवा कच्चा बटाटा चोळू नका हं, भाजल्यावर आधी वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी.) साल आणि पान उथळ जखम झाकतात, खोल जखमेत नवा थर उभा करत नाहीत. ते तुलाच येतं, म्हणून तर तुझ्याशी भांडतेय.

आणि थोडा तोराही कमी कर. तुझ्यावर वाढलेल्या कातडीला घाम येत नाही, केस येत नाहीत. विदर्भातल्या मे महिन्यात हे काय असतं, ते तुझ्या बॉस्टनला कळायचं नाही. जखम पुरती स्वच्छ नसेल तर तू पहिल्याच आठवड्यात पू धरतेस, आणि आमच्याकडे पेशंट तालुक्याहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून शहराला असा फिरत येईपर्यंत जखम स्वच्छ राहते कुठली? तुझी ऑस्ट्रेलियातली धाकटी बहीण याबाबतीत जास्त सोशिक निघाली म्हणतात. ॲडलेडचे सर्जन जॉन ग्रीनवूड यांनी वाढवलेली, पॉलियुरेथेनच्या दोन मिलिमीटर जाड फेसाची, गाय नाही की शार्क नाही. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेनेही डुकराच्या पित्ताशयापासून जखमेवर लावायचा पडदा बनवला आणि २०२३ मध्ये त्याला आपल्या देशात मंजुरी मिळाली. भावंडांत चढाओढ लागली तर मला आनंदच आहे, भाव तरी उतरतील.

तेव्हा विनंती एवढीच की इथेच बन, इथल्या खर्चात बन आणि जनरल वॉर्डात ये. सरकारी योजनेच्या यादीत तुझं नाव ठळक असू दे. येशील तेव्हा फिजिओथेरपिस्टला सोबत आण, कारण तुला लावून व्यायाम न केलेला हात शेवटी वाकडाच होतो. आणि पेपरवाल्यांना एकदा सांग की, मी कातडी नाही, कातडी उगवेपर्यंतची सोय आहे.

कळावे, लोभ असावा.

तुझी,
जळीत वॉर्डातली निवृत्त सिस्टर

ता. क. – हे पत्र तुझ्या आधी दुसरेच वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी दोन ओळी. तू परवडेपर्यंत मोठ्या जळितांना तात्पुरतं झाकायला दान केलेली त्वचा लागते. शीव रुग्णालयात २००० सालापासून त्वचापेढी आहे, नंतर इतर ठिकाणीही निघाल्या. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत जवळच्या पेढीला फोन करा, माणसं घरी येतात. मांड्या, पाय आणि पाठ इथला फक्त वरचा पातळ थर घेतात आणि पट्टी बांधून देतात. रक्तगट जुळावा लागत नाही. ग्लिसरॉलमध्ये ही त्वचा पाच वर्षांपर्यंत टिकते. घरातल्यांना आजच सांगून ठेवा, कारण फोन त्यांनाच करायचा आहे.