चार नोझलांचा ताळेबंद

माणसाच्या हौसेला काही धरबंध असतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा आमच्या सौभाग्यवतीच्या मामांना भेटावं. मामा सांगलीच्या मार्केट यार्डातले हळदीचे आडते. जन्म पोत्यांच्या थप्पीला टेकून गेला. अशा माणसाने घ्यावी तर जीप घ्यावी. मामांनी घेतली दोन माणसांची, कापडी टपाची स्पोर्ट्स कार!

स्पोर्ट्स कार म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे इटली, जर्मनी उभी राहिली असेल, तर ती जरा बाजूला करा. ही गाडी गोव्याची. सॅन मोटर्स या भारतीय कंपनीने १९९८ च्या सुमारास ‘सॅन स्टॉर्म’ नावाने ती बाजारात आणली. अंग फायबरचं, इंजिन फ्रान्सच्या रेनॉचं, ११४९ सीसीचं. ताकद साधारण साठ घोड्यांची. रंग पिवळा. “हळदीचा आहे,” एवढ्या एका वाक्यात मामांनी खरेदीचं समर्थन संपवलं होतं.

मामींनी मात्र त्या गाडीत कधी पाय ठेवला नाही. “दोन माणसांची गाडी! आणि तीन पोरं काय डिकीत कोंबू?” हा त्यांचा पहिल्या दिवसाचा सवाल. पोरं मोठी झाली, नोकरीला पुण्याला गेली, डिकीत कोंबायला कोणी उरलं नाही. तरी मामींचा बहिष्कार कायम राहिला. शेजारची सीट वर्षानुवर्षं रिकामी. मामा तिच्यावर हळदीच्या नमुन्याच्या पुड्या ठेवत.

२०१९ च्या महापुरात कृष्णा गल्लीच्या तोंडाशी आली, तेव्हा मामांनी गाडी मिरजेला उंचावर नेऊन ठेवली. पाणी उतरल्यावर परत आणली आणि पोर्चमध्ये लावली ती लावलीच. पुढे करोना आला, मग मामांचे गुडघे आले. आता थोरल्या चिरंजिवांना स्वतःच्या गाडीसाठी पोर्च हवा होता. घरात ठराव पास झाला : दिवाळीपर्यंत चालू झाली तर ठेवायची, नाहीतर भंगारात. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी साताऱ्याला मला फोन केला. “जावईबापू, तुम्ही बँकेतले. तुम्हाला बुडीत खाती उठवायची सवय असेल.”

तसं पाहिलं तर हे खातं बुडीत नव्हतं, निष्क्रिय होतं. दोन वर्षं देवघेव झाली नाही की रिझर्व्ह बँकेच्या नियमाने खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं झाली की शिल्लक निधीत जमा होते. गाडीचं तसंच. वापरून जेवढी झिजत नाही, तेवढी उभी राहून कुजते. यात बनवणाऱ्याचा दोष काही नाही. पेट्रोल उडून जातं, मागे राहतो चिकट थर. त्यात आपल्या पेट्रोलमध्ये उसाचं अल्कोहोल. २००३ पासून ते मिसळायला सुरुवात झाली, आणि २०२५ मध्ये प्रमाण वीस टक्क्यांवर गेलं. अल्कोहोल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. म्हणजे सांगली-साताऱ्याचा ऊस कारखान्यात जातो, तिथून टाकीत येतो आणि मामांच्या गाडीचा घसा धरतो. आपल्याच शेताचा माल, तक्रार करायची कुणाकडे?

मामांनी ट्रॅक्टर दुरुस्त करणारा मिस्त्री बोलावला होता. नवी बॅटरी, नवा पंप, नवा फिल्टर, ताजं पेट्रोल असा सगळा सरंजाम झाल्यावर गाडी चालू झाली, पण दमेकऱ्यासारखी. मिस्त्री म्हणाला, “मिसिंग मारतीया. तीनवरच चाललीया. डिसमिस द्या.” बँकेतल्या माणसाच्या पोटात हा शब्द ऐकला की गोळाच येतो. इथे त्याचा अर्थ स्क्रू पिळायचं हत्यार. मिस्त्रीने लांब डिसमिसचं टोक एकेका इंजेक्टरवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. “एक, दोन, चार टिकटिक करत्यात. तीन नंबर नाडीच लागंना.”

आता इंजेक्टर म्हणजे काय ते कॉमर्सवाल्याच्या भाषेत सांगतो. आमच्या साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सची ‘प्रिया’ बनायची. तिला कार्बोरेटर. कार्बोरेटर म्हणजे उधारीवर चालणारं किराणा दुकान : इंजिनाने हवा ओढली की तिच्याबरोबर अंदाजाने पेट्रोल जाणार. थोडं कमी, थोडं जास्त, महिनाअखेर बघू. इंजेक्टर म्हणजे कॅशिअर. मागे पंपाचा सुमारे तीन वातावरणांचा दाब. हुकूम आला की आतली वेटोळी सुई उचलते, काही सहस्रांश सेकंद पेट्रोलचा फवारा सुटतो आणि खिडकी बंद. चार सिलिंडर, चार खिडक्या. एका कॅशिअरने पैसे दिले नाहीत किंवा खिडकी बंद झाल्यावरही तो देत बसला, तर संध्याकाळी काय होतं ते मला विचारा.

चारही नोझल काढायची ठरली. मिस्त्रीने आधी पंपाचा फ्यूज उपसला, इंजिन आपोआप मरू दिलं, म्हणजे नळीतला दाब उतरतो. मग बॅटरीची वायर सोडली. तपासणीचं मशीन साताऱ्याला माझ्या ओळखीच्या दुकानात होतं, म्हणून नोझल मामींच्या पोळ्यांच्या डब्यात घालून मी एसटीत बसलो. पेठनाक्यापर्यंत डब्याला असा पेट्रोलचा वास सुटला की शेजारच्या आजींनी विचारलं, “कसली भाजी म्हणायची ही?”

साताऱ्याला नोझल नवीन नाही. धनजीशा कूपर, जे १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते, त्यांच्या इथल्या कारखान्याची डिझेल इंजिनं कितीतरी विहिरींवर धडधडली. डिझेल म्हटलं की नोझल आलंच. तेव्हा आपल्या शेतकऱ्याला ही वस्तू स्पोर्ट्स कारवाल्यांच्या आधीपासून ठाऊक.

दुकानदाराने चार काचेच्या नळ्यांवर चार नोझल लावली. ठरावीक वेळ फवारा. मी वाकून आकडे वाचले : ५८, ५७, २९, ५६. माझ्या तोंडून निघून गेलं, “टॅली होत नाही.” स्वच्छ करून पुन्हा लावली. तीन नंबर ४३ वर आलं, पण बंद केल्यावर थेंब गळायला लागलं. “एकच बदलू का?” मी विचारलं. “साहेब, तीन म्हातारे आणि एक पोरगा बैलगाडीला जुंपला तर गाडी सरळ जाईल?” बरोबर होतं. चारी समान प्रवाहाची हवीत, वेटोळ्याचा रोधही सारखा हवा. महिनाभर शोधून चारचा संच मिळाला. मशीनवर लावला. ६०, ६०, ५९, ६०. वीस वर्षांच्या नोकरीत इतका सुंदर ताळेबंद मी पाहिला नव्हता.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी सांगलीला नोझल बसवली. प्रत्येकाला वर-खाली नवी रबरी रिंग, तिला इंजिन ऑइलचं बोट, म्हणजे रिंग चिरत नाही. मिस्त्रीने आधी नुसती चावी फिरवून दाब भरू दिला आणि कुठे ओल येते का ते बॅटरी मारून पाहिलं. गळणारं पेट्रोल आणि गरम इंजिन यांची सोयरीक बरी नव्हे. मग म्हणाला, “मारा मामा.”

गाडी अशी चालू झाली, जणू काल संध्याकाळीच बंद केली होती. चारी नाड्या लागल्या. मामा बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. थोरले चिरंजीव पोर्चची लांबी मोजायचा टेप गुंडाळू लागले.

आवाज ऐकून मामी बाहेर आल्या. नेसत्या साडीवर शाल, हातात पिशवी. मामांकडे न बघता म्हणाल्या, “हरिपूरला संगमेश्वराचं दर्शन घेऊन येऊ. आणि ते टप उघडू नका, वाऱ्याने कान दुखतात.”

मामांनी टप उघडला नाही. सीटवरच्या पुड्या मात्र भराभर उचलून माझ्या हातात दिल्या. मी, मिस्त्री आणि चिरंजीव फाटकापर्यंत सोडायला गेलो. गाडी दोघांचीच असल्यामुळे चला म्हणण्याचा प्रश्नच नव्हता.