मावशीचं देणं

लालबागच्या चाळीत वाढलेल्या मला जनावरांचं जग म्हणजे परळचं बैलघोडा हॉस्पिटल. बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं ते इस्पितळ दानावर उभं राहिलं. 1886 साली त्याच आवारात सुरू झालेल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात मी शिकलो. आजारी जनावरावर उपचार करायचे, हे तिथे अंगवळणी पडलं. पण ते पैसे कुणाच्या तरी कनवटीतून येतात, याचा विचार मी केला नव्हता.

तो करायला लावला फलटणच्या एका धनगर मावशीने. दिवाळीनंतर कळप कोकणात उतरायचा होता. मी मेंढ्या तपासून औषधांची भलीमोठी यादी दिली. तिने शांतपणे ऐकलं. "समद्यास्नी घालू म्हणताय डाक्टर, पर कोकरू इकून यवढं पैसं येत्यात का? मंग आधी कुणाला?"

मला उत्तर येईना. तिच्याकडे होतं. टॉनिक रोडावलेल्या आणि गाभण मेंढ्यांना. आंत्रविषाराची लस मात्र सगळ्यांना, कारण तो रोग धष्टपुष्ट कोकरूच रातोरात नेतो. लोकर विकून कातरायची मजुरीही सुटत नव्हती, तरी ती मेंढ्या कातरून घ्यायची. उन्हात त्यांचे हाल तिला बघवत नसत. आईचं दूध न मिळणाऱ्या कोकरांसाठी कळपात चार शेळ्या होत्या. मेंढी लंगडू लागली तर मुक्काम वाढवायची, पुढच्या शेतात मेंढ्या बसवून मिळणारं धान्य बुडालं तरी.

फलटणच्याच निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीचा जुळी देण्याचा गुण दख्खनी मेंढीत आणला. त्या कामाचं मोल मला मावशीमुळे कळलं. जुळं तिला हवंच होतं. तिळं नको. "सड दोनच की," ती म्हणाली. जुळ्यांच्या आईला चारा जास्त लागतो, तोही ती आधी मोजायची.

आज दादरच्या दवाखान्यात कुत्रं घेऊन आलेल्या माणसाला मी आधी हळूच विचारतो, किती झेपेल? मग तपासण्या कमी करतो. वेदना कमी करणारं औषध कधीच गाळत नाही. हा क्रम मावशीचा आहे. मेंढ्यांची लस मात्र सरकारने कळप निघण्याआधी वाड्यावर पोचवावी, या खर्चाचं ओझं मेंढपाळावर टाकू नये, असं मला मनापासून वाटतं.

मावशी आता नाही. कळप तिची सून सांभाळते. यादीतलं काय वगळलं तर चालेल, हे ती मला फोनवर विचारते आणि मग आपलं आपण ठरवते.